झोपेत दात खाणं आणि फॉर्मवरचा एक रकाना

पहाटे जाग आली तेव्हा जिभेवर काहीतरी खरखरीत लागलं. बोटावर घेऊन पाहिलं तर पांढरट कणी. जीभ फिरवली तशी उजवीकडच्या खालच्या दाढेला धारदार कड लागली. रात्री काही कडक खाल्लं नव्हतं, कुठे आपटले नव्हते. दाढ झोपेतच तुटली होती.

त्याआधीचे दोन महिने मी कानशिलं ठणकत उठायचे. जबडा आंबलेला असायचा, आणि मोठी जांभई दिली की कानाच्या पुढे कट् असा आवाज यायचा. मी उशी बदलली. डोळ्यांचा नंबर तपासून आले. दात दुखत नव्हते, त्यामुळे त्यांच्याकडे लक्षच गेलं नाही.

दाताच्या डॉक्टरांकडे गेले तेव्हा आधी एक फॉर्म भरायला दिला. नाव, वय, मधुमेह, रक्तदाब, ॲलर्जी. त्याच्या खाली एक ओळ होती, ‘सध्या चालू असलेली औषधं’. मी तिथे ‘नाहीत’ असं लिहिलं. ते खोटं होतं. नैराश्यासाठी मी आठेक महिन्यांपासून सर्ट्रालीन घेत होते. पण शेजारी दोन अनोळखी माणसं बसलेली, फॉर्म कोणाच्या हातात जाणार ते ठाऊक नाही, आणि दाढेचा त्या गोळीशी संबंध तो काय, असं मला मनापासून वाटलं. त्या एका शब्दामुळे पुढचे साडेचार महिने मी एकेक उपाय करत राहिले आणि मुळाशी कोणालाच जाता आलं नाही. हे सगळं लिहायला घेतलं ते त्यासाठीच.

डॉक्टरांनी तुटलेल्या दाढेकडे जेमतेम पाहिलं आणि बाकीचं तोंड मात्र बराच वेळ तपासलं. सुळ्यांची टोकं सपाट झाली होती. वरचा सुळा खालच्यावर सरकवून दाखवला तर दोन्हींचे घासलेले भाग कुलूप-किल्लीसारखे जुळत होते. गालाच्या आतल्या बाजूला, दात जिथे मिटतात तिथे, आडवी पांढरी रेघ होती. जिभेच्या कडेला दातांचे ठसे उमटून महिरप झाली होती. मग त्यांनी माझ्या दोन्ही गालांवर बोटं ठेवली आणि म्हणाल्या, “आता दात आवळा.” बोटांखाली स्नायू टणक गोळ्यासारखा वर आला. त्याचं नाव मॅसेटर. जरा दाबल्यावर मी कळवळले.

“तुम्ही झोपेत दात खाता. घरी कोणी सांगितलं नाही?”

घरी येऊन नवऱ्याला विचारलं. तो क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, “अगं, आवाज येतो. दोन महिने झाले. करकर, करकर. पण तुला किती दिवसांनी अशी सलग झोप लागायला लागली होती. उठवावंसं वाटेना, आणि सांगून तुला आणखी एक काळजी लावावीशी वाटेना.” मला राग आला नाही. रात्र-रात्र छताकडे बघत काढलेले माझे दिवस त्यानं पाहिले होते. पण त्याचं ते ‘दोन महिने’ मी ऐकलं आणि तसंच सोडून दिलं, याची हळहळ मला अजून वाटते.

आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, “लहानपणीही खायचीस की. जंताचं औषध दिलं होतं तुला.” हा समज बऱ्याच घरांत असतो. डॉक्टरांना विचारलं तेव्हा त्यांनी समजावलं, की लहान मुलांमध्ये झोपेत दात खाणं मोठ्यांपेक्षा पुष्कळ जास्त आढळतं, बहुतेकांचं वाढत्या वयाबरोबर आपोआप कमी होतं, आणि त्याचं कारण जंत आहेत असं ठामपणे म्हणण्याजोगा आधार नाही. मोठ्या माणसांत साधारण शंभरातली आठ जणं वरचेवर झोपेत दात खातात. बायका आणि पुरुष असा फारसा फरक त्यात नाही.

तुटलेल्या दाढेवर कॅप बसवायची होती. पण ती बसवण्याआधी, किंवा निदान तिच्या बरोबरीनं, रात्रीचा जोर अडवायला हवा होता. नाहीतर नवी कॅपही त्याच घाण्यात. इथे मी पहिली चूक केली. डॉक्टरांनी नाइट गार्ड, म्हणजे झोपताना दातांवर चढवायचं कवच, करून घ्यायला सांगितलं, त्याला दोन-तीन खेपा लागणार होत्या, आणि मला घाई होती. म्हणून मी दुकानात तयार मिळणारं मऊ गार्ड आणलं. गरम पाण्यात बुडवायचं, मऊ झालं की तोंडात धरून चावायचं, दातांचा आकार घेतं. पहिल्या रात्री बरं वाटलं. पाचव्या-सहाव्या दिवसापासून जबडा आधीपेक्षा जास्त दुखायला लागला. पाच आठवड्यांत मागच्या दाढांच्या जागी त्याला आरपार भोकं पडली.

ते गार्ड मी डॉक्टरांसमोर ठेवलं. त्या म्हणाल्या, मऊ वस्तू तोंडात असली की काही जणांचा जबडा ती चावत राहतो, आणि स्नायूंचं काम कमी होण्याऐवजी वाढतं. सगळ्यांचं असं होत नाही. सौम्य त्रास असेल तर काहींना मऊ गार्ड पुरतंही. माझ्यासारख्या जोर लावणाऱ्यांना मात्र कडक ॲक्रिलिकचं, मापानं केलेलंच हवं.

त्याचं काम कसं चालतं ते जरा सविस्तर सांगते, कारण मला आधी कोणी सांगितलं असतं तर मी ती पाच आठवड्यांची घाई केली नसती. पहिल्या खेपेला दोन्ही जबड्यांचं माप घेतात. एका साच्यात गार, चिकट लगदा भरून तो दातांवर दाबून धरतात. दोन-तीन मिनिटांत तो रबरासारखा घट्ट होतो. उमासा येतो, पण मान थोडी पुढे झुकवून नाकानं श्वास घेत राहिलं की निभतं. काही ठिकाणी आता तोंडात छोटा कॅमेरा फिरवून माप घेतात, तिथे हा प्रकार नाही. मग मेणाची पट्टी दातांत धरायला देतात, म्हणजे वरचे आणि खालचे दात एकमेकांवर कसे येतात ते कळतं.

दुसऱ्या खेपेला गार्ड बसवतात, आणि खरी मेहनत त्याच दिवशी असते. माझं गार्ड वरच्या दातांवरचं, सगळे दात झाकणारं, पारदर्शक, जेमतेम दोन-तीन मिलिमीटर जाड. ते चढवून डॉक्टरांनी मध्ये निळा कागद धरला. “चावा. परत चावा. आता डावीकडे घासा. उजवीकडे.” जिथे निळा ठिपका गडद उमटला तिथे त्या मशीननं किंचित घासायच्या आणि पुन्हा कागद. असं पंधरा-वीस वेळा झालं असेल. खालचे सगळे दात एकाच वेळी, सारख्याच जोरानं गार्डवर टेकले पाहिजेत, आणि जबडा बाजूला सरकवला की फक्त सुळ्याच्या जागी टेकून मागच्या दाढा सुटल्या पाहिजेत. एका दाढेवर सगळा भार आला तर गार्ड असूनही तीच दाढ दुखणार. त्या दिवशी मला कंटाळा आला होता. आता वाटतं, गार्ड देणारा माणूस कागदाच्या या खेळाला किती वेळ देतो यावरच त्याची पारख करावी. पाच मिनिटांत ‘झालं, घाला’ म्हणाले तर पुन्हा बसून नीट करून मागावं.

पहिल्या चार-पाच रात्री तोंडाला पाणी सुटत राहिलं. दोनदा झोपेत मीच ते काढून टाकलं होतं. सकाळी उशीखाली सापडलं. सकाळी गार्ड काढल्यावर दहा-पंधरा मिनिटं दात नेहमीच्या जागी मिटत नाहीत असं वाटायचं. तेवढं चालतं. दिवसभर तसंच राहिलं, किंवा एखादा दात ठणकत राहिला, तर थांबून दाखवायला जायचं. धुवायला साधं गार पाणी, मऊ ब्रश आणि थोडा सौम्य साबण. गरम पाण्यानं त्याचा आकार बिघडतो, टूथपेस्टनं ओरखडे पडतात. कोरडं करून भोकं असलेल्या डबीत ठेवायचं.

आणि पहिले दोन आठवडे खरंच छान गेले. कानशिलं हलकी, जबडा मोकळा. मला वाटलं, सुटले. तिसऱ्या आठवड्यात ठणका परत आला.

मी जवळजवळ रडतच डॉक्टरांकडे गेले. त्यांनी गार्ड उजेडात धरून दाखवलं. त्यावर चकचकीत घासलेले पट्टे पडले होते, दोन्ही सुळ्यांच्या जागी खोल. “गार्ड आपलं काम करतंय,” त्या म्हणाल्या. “हे पट्टे तुमच्या दातांवर पडले असते.” मग त्यांनी मला ते सांगितलं जे मी पहिल्या दिवशी ऐकून घ्यायला हवं होतं. गार्ड दात वाचवतं. दात खाणं थांबवत नाही. नवं असताना पुष्कळांच्या स्नायूंची हालचाल थोडे दिवस कमी होते, मग शरीराला सवय होते आणि ती पूर्वपदावर येते. माझा दोन आठवड्यांचा आनंद तोच होता.

झोपेत नेमकं काय होतं, तेही त्यांनी त्या दिवशी समजावलं. रात्रभर आपली झोप एकसारखी नसते. मधूनमधून मेंदू काही सेकंदांपुरता जागेपणाकडे सरकतो. आपल्याला ते कळतही नाही. त्या वेळी हृदयाचे ठोके वाढतात, मेंदूच्या लहरी वेगावतात, आणि त्याच्या पाठोपाठ जबड्याचे स्नायू सेकंदाला साधारण एकदा अशा लयीत आवळतात. बहुतेक वेळा हे हलक्या झोपेत घडतं. जे दात खात नाहीत अशांपैकी साठेक टक्के लोकांतही ही लय कमी प्रमाणात सापडते. आमच्यासारख्यांत ती जास्त वेळा आणि जास्त जोरानं होते, एवढंच. प्रत्येक वेळी आवाज होतो असंही नाही, त्यामुळे शेजारच्यानं ‘काल शांत होतीस’ म्हटलं तरी त्यावर विसंबता येत नाही. २०१८ साली या विषयातल्या तज्ज्ञांनी एकत्र येऊन जी व्याख्या मांडली, तिच्यानुसार एरवी निरोगी असलेल्या माणसात हा आजार धरला जात नाही. स्नायूंची एक हालचाल म्हणून त्याकडे बघतात. तिच्यामुळे दात झिजतात, दुखतं, तुटतं, तेव्हा उपचार लागतात. हे ऐकून मला जरा धीर आला. आपण काहीतरी वाईट करतोय अशी जी बोच होती ती कमी झाली.

त्यानंतरचे दोन महिने मी उपाय शोधत फिरले. सगळ्यांची हकिकत सारखी महत्त्वाची नाही.

आणखी एका दवाखान्यात सांगण्यात आलं, की माझे दात नीट मिटत नाहीत म्हणून मी ते खाते. काही दातांचे उंचवटे घासून सारखे केले की थांबेल. मी आमच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी शांतपणे सांगितलं, “घासलेला दात परत येत नाही. या त्रासासाठी तसं करण्याला पुरेसा आधार नाही. करू नका.” मी केलं नाही, आणि ते बरं झालं.

बोटॉक्सचाही सल्ला घेतला. चेहऱ्यावरच्या सुरकुत्यांसाठी देतात तेच इंजेक्शन मॅसेटरमध्ये, कधी कानशिलातल्या स्नायूतही देतात. मज्जातंतूकडून स्नायूला जाणारा निरोप ते अडवतं. आठवडा-दोन आठवड्यांत स्नायूचा जोर उतरतो, परिणाम तीन-चार महिने टिकतो, मग पुन्हा घ्यावं लागतं. त्या डॉक्टरांनी काही लपवलं नाही. म्हणाले, यानं दात खाण्याच्या वेळा फारशा कमी होत नाहीत, प्रत्येक वेळचा जोर कमी होतो. चावताना दमायला होईल. औषध जरा बाजूला पसरलं तर हसू काही दिवस वाकडं दिसू शकतं. वर्षानुवर्षं घेत राहिलं तर जबड्याच्या हाडावर काय परिणाम होतो याबद्दल काही अभ्यासांनी शंका घेतल्या आहेत. ज्यांचं दुखणं कशानंच हटत नाही अशांना यानं खूप आराम पडतो, हेही खरं. मी ठरवलं, सध्या नको. आधी बाकीचं करून बघू.

झोपेची तपासणी आमच्या डॉक्टरांनी आग्रहानं करवून घेतली. मी घोरते का, रात्री गुदमरून जाग येते का, दिवसा पेंग येते का, असं त्यांनी खोदून विचारलं होतं. झोपेत श्वास अडण्याचा त्रास, म्हणजे स्लीप ॲप्निया, आणि दात खाणं ही पुष्कळदा एकाच माणसात सापडतात. शिवाय ॲप्निया असलेल्या काही जणांना वरच्या दातांवर साधं गार्ड दिलं तर श्वासाचा त्रास वाढतो. अशांना खालचा जबडा पुढे धरून ठेवणारं वेगळं उपकरण लागतं. हे ऐकल्यावर वाटलं, ही तपासणी गार्डच्या आधीच झालेली बरी. बोटाला, छातीला आणि नाकाशी तारा लावून मी एक रात्र घरीच झोपले. ॲप्निया नव्हता. जळजळ, आंबट ढेकर यांबद्दलही विचारणा झाली, कारण पोटातलं आम्ल वर येणं आणि दात खाणं यांचाही संबंध दिसतो, आणि आम्लानं मऊ झालेलं इनॅमल, म्हणजे दातावरचं कडक आवरण, फार लवकर झिजतं. तेही नव्हतं.

सिगारेट मी ओढत नाही. दारू पीत नाही. कॉफी मात्र दिवसातून सहा-सात कप व्हायची, ती दुपारच्या आतल्या दोन कपांवर आणली. झोप सुधारली. दात खाणं तेवढंच राहिलं.

मग फिजिओथेरपिस्टकडे गेले, आणि तिथे दोन गोष्टी घडल्या.

पहिली दिवसाबद्दलची. तिनं मला खुर्चीत बसवून साधं काहीतरी वाचायला दिलं आणि पाच मिनिटांनी विचारलं, “ताई, आत्ता तुमचे दात कुठे आहेत?” माझे दात घट्ट मिटलेले होते. मला पत्ताच नव्हता. ती म्हणाली, दात एकमेकांना टेकण्याची गरज फक्त चावताना आणि गिळताना असते; दिवसभरातली ती सगळी वेळ जोडली तरी अर्धा तास भरत नाही. एरवी ओठ मिटलेले, दात सुटे, आणि जीभ टाळूला, वरच्या पुढच्या दातांच्या मागे हलकेच टेकलेली, ही जबड्याची विश्रांतीची जागा. तिनं फोनवर दर अर्ध्या तासाला हलकी कंपनं लावून दिली. कंपन झालं की बघायचं, दात कुठे आहेत? मिटलेले असतील तर सोडायचे, एक लांब श्वास, खांदे खाली. पहिल्या आठवड्यात दहापैकी सात-आठ वेळा मिटलेले सापडत. संगणकापुढे, गाडी चालवताना, भाजी चिरतानासुद्धा. तीनेक आठवड्यांत ते दोन-तीनवर आलं. यानं रात्रीचं दात खाणं थांबत नाही. दिवसाचं आवळणं आणि रात्रीचं खाणं ही वेगवेगळी कामं आहेत. पण दिवसभर दमलेल्या स्नायूंवर रात्रीचा भार पडायचा, त्यातला दिवसाचा वाटा गेला. संध्याकाळची दुखी निम्मी झाली. सोबत शेक, आणि बोटांनी मॅसेटर व कानशिलं हळू गोल चोळणं. मी आजवर केलेल्या उपायांत सगळ्यांत सोपा आणि सगळ्यांत कमी सांगितला जाणारा उपाय हाच.

दुसरी गोष्ट तिच्या प्रश्नाची. तिनं विचारलं, “हे नेमकं कधी सुरू झालं? त्या सुमाराला काय बदललं होतं?” मी दाढ तुटल्याचा महिना सांगितला, त्याआधीचे नवऱ्याचे दोन महिने सांगितले. ती बोटांवर मोजत मागे गेली. “म्हणजे त्याच्या जरा आधी. काय झालं तेव्हा? घर बदललं? नोकरी? एखादं औषध?”

मला उत्तर माहीत होतं. त्याच्या तीन आठवडे आधी माझी सर्ट्रालीन ५० मिलिग्रॅमवरून १०० वर नेली होती.

मी ते मोठ्यानं म्हटलं. आई, नवरा आणि मनोविकारतज्ज्ञ सोडून पहिल्यांदाच कोणापुढे. ती दचकली नाही, आवाज खाली केला नाही. फक्त म्हणाली, “हे तुमच्या डॉक्टरांना सांगा. दोघांनाही. आणि गोळी स्वतःहून बंद करू नका.”

सर्ट्रालीन, फ्लुओक्सेटीन, व्हेनलाफॅक्सीन अशा औषधांवर काही जणांना दात खाण्याचा किंवा जबडा आवळण्याचा त्रास सुरू होतो. बहुधा औषध सुरू केल्यापासून किंवा मात्रा वाढवल्यापासून तीन-चार आठवड्यांत. या औषधांनी मेंदूतलं सेरोटोनिन हे रसायन वाढलं की काही वाटांवर डोपामिन या दुसऱ्या रसायनाचं काम दबतं आणि जबड्याच्या स्नायूंवरचा ताबा सुटतो, असा त्यामागचा तर्क मांडतात. ही माहिती दातांच्या डॉक्टरांना होती. मनोविकारतज्ज्ञांना होती. पण एकांना गोळी माहीत नव्हती आणि दुसऱ्यांना दाढ माहीत नव्हती. दोन्ही माहीत असलेली मी एकटीच होते.

मनोविकारतज्ज्ञांपुढे बसले तेव्हा त्यांनी प्रथम मला दिलासा दिला, मग तीन वाटा सांगितल्या. मात्रा कमी करायची. औषध बदलायचं. किंवा हेच चालू ठेवून जोडीला बस्पिरोन हे दुसरं औषध द्यायचं, ज्यानं अशा प्रकारच्या दात खाण्यात पुष्कळांना गुण आल्याच्या नोंदी आहेत. आम्ही आधी मात्रा ७५ वर आणली. दात खाणं थोडं कमी झालं. पण चौथ्या आठवड्यात सकाळी उठावंसं वाटेना, आणि आंघोळीला जाणंही डोंगराएवढं वाटायला लागलं. नवऱ्यानं माझ्या आधी ओळखलं. या वेळी तो गप्प राहिला नाही. त्यानंच डॉक्टरांना फोन केला. दात महत्त्वाचे, पण त्यांच्यासाठी त्या अंधारात पुन्हा जायचं नव्हतं. मात्रा परत १०० झाली आणि बस्पिरोन सुरू झालं, अगदी थोड्या मात्रेपासून. दोन्ही औषधं सेरोटोनिनशी निगडित असल्यानं अंग थरथरणं, खूप घाम, ताप, धडधड, गोंधळल्यासारखं होणं यांपैकी काही जाणवलं तर लगेच कळवायचं, असं बजावलं होतं. मला पहिल्या आठवड्यात थोडी चक्कर आली, तेवढीच.

अठराव्या की एकोणिसाव्या दिवशी मी उठले आणि बराच वेळ तशीच पडून राहिले. कानशिलं दुखत नव्हती. मी दुखायची वाट बघत होते.

सगळ्यांच्या दात खाण्याचं मूळ औषधात नसतं, बहुतेकांचं नसतंच. कोणाचं श्वासात निघेल, कोणाचं ताणात, पुष्कळांचं कशातच ठळक सापडणार नाही आणि गार्ड, दिवसाची सवय आणि अधूनमधून तपासणी यावरच भागवावं लागेल. पण कोणी मला विचारलं, तर मी आधी एकच विचारते: कधी सुरू झालं, आणि त्याच्या महिनाभर आधी काय सुरू झालं होतं?

दातांच्या डॉक्टरांना मी दुसऱ्याच दिवशी जाऊन सांगितलं. जुना फॉर्म काढायला लावला. ‘नाहीत’ खोडून तिथे औषधाचं नाव आणि मात्रा मी स्वतःच्या हातानं लिहिली. त्यांनी ते वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “बरं झालं सांगितलंत.” त्यांच्या आवाजात रागाचा लवलेश नव्हता. मीच मनातल्या मनात कितीतरी दिवस त्यांच्या रागाला उत्तरं तयार करत होते.

दाढेवर कॅप बसून आता वर्ष झालं. गार्ड अजून रोज रात्री घालते. ताणाचे दिवस असले की त्यावर नव्या रेघा दिसतात, मग फोनची कंपनं पुन्हा आठवडाभर लावते. गेल्या महिन्यात तपासणीला गेले तेव्हा डॉक्टरांनी गार्ड खिडकीपाशी नेऊन फिरवून पाहिलं. जुने खोल पट्टे तसेच होते. त्यांच्या शेजारी नवं काही फारसं नव्हतं. त्यांनी निळा कागद घेतला, दोन ठिकाणी किंचित घासलं, धुऊन डबीत ठेवलं आणि सहा महिन्यांनंतरची तारीख लिहून दिली.